शेजारून एक उसना घेतला

फळ्यावर 43 वजा 17 मांडलेलं आहे आणि शिक्षक बोलत आहेत : "तिनातून सात जात नाहीत. मग शेजारून एक उसना घेतला. तेरा झाले. तेरातून सात गेले, राहिले सहा. इकडे राहिले तीन. तिनातून एक गेला, दोन. उत्तर सव्वीस."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यातून जाताना हे बोलणं कानावर पडतं. उत्तर बरोबर आहे, रीतही बरोबर आहे. आता फळा न बघता, डोळे मिटून तेच पुन्हा ऐका. शेजारून म्हणजे कुठून? एक काय घेतला? तिनात एक मिळवला तर चार व्हायला हवेत, तेरा कसे झाले? इकडे म्हणजे कोणीकडे? आणि उसना घेतलेला तो एक परत कधी दिला?

शेवटचा प्रश्न मुलं खरोखर विचारतात, आणि तो रास्त आहे. जुन्या रीतीत उसना परत दिला जाई. वर तिनाचे तेरा केले की खालच्या दशकात एक मिळवायचा : "एक नि एक दोन, चारातून दोन गेले, दोन." घेतलं तेवढं फेडलं. पुढे रीत बदलली. वरच्या चार दशकांतलंच एक दशक मोडून सुटं करायचं ठरलं. त्यात कुणी कुणाला काही देत नाही, एकाच संख्येची मांडणी तेवढी बदलते. रीत बदलली, शब्द मात्र जुनाच राहिला. ऊसतोड कामगाराच्या घरातल्या मुलाला मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे काय आणि ती फिटेपर्यंत काय होतं, हे नीट ठाऊक असतं. त्याच्यासमोर 'उसना घेतला' म्हणून विषय संपवणं, हे त्याच्या समजुतीच्या विरुद्ध जाणं आहे.

गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण घेताना भाषा हा भाषेच्या तज्ज्ञांचा विषय मानला जातो आणि समावेशन, म्हणजे प्रत्येक मुलाला वर्गात सामावून घेणं, हा शेवटच्या दिवशी, जेवणानंतरच्या तासाला उरकायचा घटक ठरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन्ही गोष्टी वरच्या त्या पाच-सात वाक्यांत बसलेल्या आहेत. वर्गात कोण आत आणि कोण बाहेर, हे शिक्षकाच्या तोंडातून निघणारं 'शेजारून' आणि 'इकडे' ठरवतं.

तेच उदाहरण असंही बोलता येतं : "त्रेचाळीस म्हणजे चार दशक, तीन सुटे. सात सुटे काढायचे आहेत, पण सुटे तीनच आहेत. म्हणून एक दशक मोडलं. आता तीन दशक आणि तेरा सुटे. तेरा सुट्यांतून सात काढले, सहा सुटे राहिले. तीन दशकांतून एक दशक काढलं, दोन दशक राहिले. दोन दशक सहा सुटे, सव्वीस." वाक्यं थोडी वाढली, पण प्रत्येक आकड्यामागे त्याचं एकक आहे आणि बोट दाखवल्याशिवाय कळणार नाही असा एकही शब्द नाही. दृष्टी नसलेल्या मुलीला हे पुरतं. मागच्या बाकावर बसून फळा नीट न दिसणाऱ्यालाही पुरतं. शिक्षकांना हे ऐकून पटतं, पण दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडातून जुनंच वाक्य येतं. वर्षानुवर्षांची सवय आहे ती. पाढे जसे घोकून बसवावे लागतात तसंच हे बोलणंही बसवावं लागतं, आणि प्रशिक्षणात नेमकी त्यालाच जागा नसते.

मराठी संख्यानामांचंही असंच आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचन दिलं आणि मोठा गदारोळ झाला. मंगला नारळीकर तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. जुने शब्द काढलेले नव्हते, नवं वाचन सोबत दिलं होतं. तरी भाषा बुडाली अशी ओरड झाली. त्या वादात वर्गातला मूळ प्रश्न बाजूलाच पडला. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना आधी पाच बोलतो, मग वीस. लिहिताना आधी 2, मग 5. कानाने ऐकलं त्या क्रमाने लिहिणारं मूल 52 लिहितं. दुसरा घोळ एकोणाचा. 'एकोणतीस' म्हणजे तीसला एक उणा, पण कानावर ठळक पडतो तो 'तीस', म्हणून मूल 39 लिहितं. शिवाय नव्व्याण्णवला हा नियमही लागू होत नाही, आणि अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी यांतली जोडाक्षरं सहा-सात वर्षांच्या जिभेला जड जातात ती वेगळीच.

25 ऐवजी 52 आणि 29 ऐवजी 39 या दोन वेगळ्या चुका आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत, आणि दोन्ही मुळात गणिताच्या नाहीत. हे तपासायला दहा मिनिटं लागतात. बारा संख्या निवडा : 25, 52, 36, 63, 78, 87 या उलटसुलट होणाऱ्या, 29, 39, 49, 69 या एकोणाच्या, आणि 40, 11 या सरळ. आधी नेहमीच्या नावांनी सांगून लिहून घ्या. मग त्याच संख्या क्रम बदलून 'वीस पाच', 'साठ तीन' अशा सांगा. तिसऱ्यांदा तोंडाने काहीच न बोलता शंभर मण्यांच्या गणितमाळेवर दाखवा. माळेवर बरोबर, 'वीस पाच'ला बरोबर आणि 'पंचवीस'ला चूक असेल, तर त्या मुलाला स्थानिक किंमत समजलेली आहे, मराठी शब्द अजून बसलेला नाही. त्याला दशक-एककाचे आणखी पन्नास तक्ते सोडवायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. माळेवरही चुकलं तर मात्र काम गणिताचं आहे. शिक्षकाला हा फरक ओळखता येत नाही तोवर त्याच्या वहीत दोघंही 'अप्रगत' असतात.

सोलापुरात हा प्रश्न जरा वेगळ्या अंगाने दिसतो. तिथे कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. तेलुगूत 'इरवै ओकटि', तेही वीस आणि एक. ज्या वाचनावरून 2019 मध्ये एवढा वाद झाला, ते या मुलांच्या घरात आजीच्या तोंडी असतं. मराठी शाळेत आल्यावर त्यांना क्रमच उलटा करावा लागतो आणि ती 'संख्याज्ञानात कच्ची' ठरतात. खरं तर स्थानिक किंमत शिकवायची तर सगळ्या वर्गाला याच मुलांकडून सुरुवात करून देता येईल. "तुमच्या घरी एकवीसला काय म्हणतात? त्यात वीस कुठे ऐकू येतो?" एवढा एक प्रश्न पुरे आहे.

मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलं येतात तेव्हा अंतर याहून मोठं असतं. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी दोन्हींचं नातं शेजाराचं, रक्ताचं नाही. कोरकूत एकवचन आणि अनेकवचनाबरोबर द्विवचनही आहे. 'दोन' ही संख्या त्या मुलाच्या व्याकरणातच बसलेली असते. उंदी, रंड, मुंड असं गोंडीत मोजणारं मूल संख्या न कळणारं मूल नसतं, हे शिक्षकाला तोंडपाठ माहीत असतं. पण वर्गात ते मूल गप्प बसतं, आणि गप्प बसण्याचा अर्थ 'येत नाही' असाच लावला जातो.

यावर सर्रास दोन उपाय होतात आणि दोन्ही फसतात. पहिला म्हणजे शब्दांचा तक्ता : मराठी शब्द, समोर बोलीतला शब्द, भिंतीवर चिकटवला. गणित सुट्या शब्दांत थोडंच असतं, ते प्रत्ययांत असतं. '5 ने वाढले' आणि '5 झाले', '12 पैकी 3' आणि '12 आणि 3', 'तिनाला चाराने' आणि 'तिनातून चार' यांतला फरक कुठल्या तक्त्यात मावणार? दुसरा उपाय म्हणजे दोन्ही भाषा येणारी एक चुणचुणीत मुलगी दुभाषी म्हणून पुढे बसवणं. ती बिचारी तासभर इतरांना सांगत राहते. तिचा स्वतःचा सराव बुडतो, आणि तिचं चुकलं तर सगळ्यांचंच चुकतं. शिक्षकाला कळतही नाही.

त्यापेक्षा साधं असं करता येतं. उदाहरण आधी वस्तूंनी मांडून दाखवायचं, मग चार-चार मुलांच्या गटांना चार मिनिटं त्यांच्या भाषेत बोलू द्यायचं. शिक्षकाला ते कळलं नाही तरी चालतं, मध्ये पडायचं नाही. मग प्रत्येक गटातल्या वेगवेगळ्या मुलाने, रोज एकाच नाही, मोडक्यातोडक्या मराठीत आणि हातवाऱ्यांनी काय केलं ते सांगायचं. शिक्षकाने ते मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं आणि शेजारी पुस्तकातलं वाक्य लिहायचं. एवढ्यासाठी शिक्षकाला पूर्ण कोरकू किंवा गोंडी यायला नको. दहापर्यंतचे आकडे आणि किती, जास्त, कमी, सारखं, दे, काढ, वाट, का, कसं अशा पंधराएक शब्दांचे उच्चार गावातल्या माणसांकडून नीट शिकून घेतले तरी पुष्कळ. दहाच्या पुढच्या संख्यांना ओढूनताणून बोलीतले शब्द घडवायची गरज नाही. बाजारात आई-वडील मोठी रक्कम कशी मोजतात ते विचारावं. बरेचदा तिथे हिंदी किंवा मराठीच आकडे आलेले असतात.

युनेस्कोने 1974 मध्ये नैरोबीत भाषा आणि गणित शिक्षण यावर परिसंवाद भरवला होता. गणिताची स्वतःची एक बोली असते, ही कल्पना भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी तिथे मांडली. त्याला पन्नास वर्षं उलटली. ही बोली मातृभाषा मराठी असलेल्या मुलालाही परकीच असते, हे मात्र आपण अजून मनावर घेतलेलं नाही. 'घात' म्हणजे घरात नुकसान, 'बाकी' म्हणजे वाण्याकडची उधारी, 'विषम' म्हणजे काहीतरी वाईट. गणितात 'बाकी'चेही दोन अर्थ : वजाबाकी केल्यावर राहते ती बाकी, आणि भागाकारात भाग न गेलेली तीही बाकी. मूल गोंधळलं तर दोष कुणाचा?

अपूर्णांकाचं दुःख तर मला फार जवळचं वाटतं, कारण इथे मराठी श्रीमंत आहे आणि आपण वर्गात तिला दारिद्र्य आणतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. पाऊण म्हणजे पाव उणा, पावणेदोन म्हणजे दोनाला पाव उणा. वजाबाकी शब्दातच आहे. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. आणि चौथी-पाचवीचा वर्ग 3/4 वाचतो : "तीन छेद चार." या वाचनात भाग नाहीत, पूर्ण नाही, काही नाही. वरचा आकडा, रेघ, खालचा आकडा. दुसरं वाचन 'चार समान भागांपैकी तीन' हे अर्थाचं आहे, पण त्यात आधी ऐकू येतो चार आणि आधी लिहायचा असतो तीन, म्हणून मूल 4/3 लिहून मोकळं होतं. म्हणून दोन्ही वाचनं लागतात, पण क्रमाने. आधी कागदाची घडी घालून आणि पाऊण किलो तोलून 'चारांपैकी तीन' म्हणायचं. मग लिहिताना छेद आधी लिहायला लावायचा : किती भाग केले ते रेघेखाली, किती घेतले ते रेघेवर. 'तीन छेद चार' हे शेवटी, लिहिलेलं वाचण्यापुरतं.

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, एकटं माणूस 'अर्धा कोयता'. अख्ख्या माणसाला अर्धा म्हणायची ही रीत पाहून वाईट वाटतं, पण गणिताच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. अर्धा कशाचा, हे ठरवल्याशिवाय अर्ध्याला अर्थ नाही, आणि 'पूर्ण' म्हणजे दर वेळी एकच नग असतो असं नाही. हंगामाचे चार-पाच महिने शाळेबाहेर काढून परतलेल्या मुलाला हे माहीत असतं. तो वर्गात 'गळती'च्या रकान्यात असतो.

सेमी इंग्रजीचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, तरी एक गोष्ट इथे सांगायला हवी. "आठातून तीन वजा करा" या वाक्यात आठ आधी येतो, लिहितानाही आधी. "सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट" म्हटलं की तीन आधी ऐकू येतो आणि मूल 3 वजा 8 मांडतं. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेत कोकणी-मराठीतून शिकलेलं मूल पाचवीत इंग्रजीकडे वळतं, तेव्हा हेच होतं. एकदा दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून बाण काढून दाखवले की पुष्कळ काम होतं. ते दाखवायचं कुणी सांगत नाही.

शाब्दिक उदाहरणांत आणखी एक खोड आपणच लावतो. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. मग "सलमाकडे 12 बोरं आहेत, ती रमाच्या बोरांपेक्षा 5 ने जास्त आहेत, तर रमाकडे किती?" इथे 'जास्त' दिसलं म्हणून मूल 17 लिहितं. भाषा कच्ची असलेलं मूल अशा खुणांवर अधिक विसंबतं, म्हणून सर्वांत आधी तेच फसतं. दुसरीकडे "प्रत्येकी 8 रुपये किमतीच्या 6 वह्या घेऊन दुकानदाराला 50 रुपयांची नोट दिल्यास किती रुपये परत मिळतील?" असं एका दमाचं वाक्य असतं. ते फोडायला हवं : एका वहीची किंमत 8 रुपये. मीनाने 6 वह्या घेतल्या. तिने 50 रुपयांची नोट दिली. तिला किती रुपये परत मिळतील? फोडताना "आधी गुणाकार कर" असं मात्र सांगायचं नाही, नाहीतर भाषेबरोबर गणितही आपणच सोडवून बसतो. आणि सोडवून झाल्यावर मूळच्या लांब वाक्याकडे परत यायचंच. 'प्रत्येकी' कुठे गेला, 'दिल्यास'चं काय झालं, हे मुलांकडून शोधून घ्यायचं. परीक्षेत वाक्य लांबच येणार आहे. सोप्या वाक्यांतच ठेवलेलं मूल तिथे एकटं पडतं.

कायदे झाले आहेत. शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. यातलं काहीही वर्गात पोचतं ते शेवटी शिक्षकाच्या सवयींतूनच. श्रवणदोष असलेलं मूल वर्गात असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही; आधी लिहा, मग वळा, मग बोला. सात आणि साठ ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून संख्या नेहमी लिहून किंवा खुणेने दाखवायची. मणी दाखवले की तीन-चार सेकंद गप्प राहायचं, कारण ते मूल एकाच वेळी मणी आणि ओठ बघू शकत नाही. दृष्टिहीन मुलीची टेलर पाटी शिक्षकाने एकदा तरी स्वतः हाताळावी. अष्टकोनी भोकांत चौकोनी खिळा आठ दिशांनी बसतो, दिशेवरून अंक ठरतो. खिळ्याच्या एका टोकाला उभट रेघ, दुसऱ्या टोकाला दोन उंचवटे. डोळे मिटून त्यावर 43 वजा 17 मांडून बघितलं की 'शेजारून' आणि 'इकडे' का चालत नाही, ते पुन्हा सांगावं लागत नाही.

प्रशिक्षणात मग काय करायचं? तीन तास मिळाले तर पहिली पंचेचाळीस मिनिटं शिक्षकांना न येणाऱ्या भाषेत बेरजा शिकवाव्यात. कन्नड चालेल, ज्यांना कन्नड येतं त्यांच्यासाठी दुसरी. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. दोनदा म्हणून घ्यायचं आणि लगेच विचारायचं : एळु आणि ऐदु किती? सगळे बोटं मोजू लागतात, मनात मराठी करतात, उत्तर तयार झालं तरी सांगायचा शब्द सापडत नाही. बारा येत नाहीत असा त्यांच्यात कुणीही नसतो. ही स्थिती पंचेचाळीस मिनिटं टिकू द्यावी, गंमत म्हणून पाच मिनिटांत संपवू नये. पुढचा तास प्रत्येकाने मोबाइलवर आणलेल्या स्वतःच्या तासाच्या दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाचा. फक्त आवाज हवा, चित्र नको. त्यातली दोन मिनिटं शब्दशः कागदावर उतरवायची आणि हे, ते, इथे, तिकडे, असं, शेजारचा यांखाली रेघ मारायची. एककाशिवाय आलेल्या आकड्यांना गोल करायचा. उरलेल्या वेळात जोडीदारासमोर तीच दोन मिनिटं पुन्हा बोलायची. जोडीदाराचे डोळे मिटलेले आणि हातात कोरा कागद. त्याला ऐकून मांडणी करता आली तर वाक्य जमलं.

हे प्रशिक्षण फसतं ते राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून शाळांच्या केंद्रात उतरताना. वर तीन तासांचं असतं ते खाली चाळीस मिनिटांचं होतं, आणि कापला जातो तो सराव, उरतात स्लाइड. ध्वनिमुद्रण दुसऱ्यासमोर वाजवायला शिक्षकांना संकोच वाटतो, तोही समजण्यासारखा आहे. म्हणून ते प्रत्येकाने आपलं आपण ऐकावं, रेघा आपण माराव्यात, कागद कुणी गोळा करू नये. कागद गोळा केले की पुढच्या वेळी पाठ केलेला तास मुद्रित होऊन येतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा दहा मिनिटं मुद्रित करावीत, शक्यतो त्याच घटकाची. जुना कागद शेजारी ठेवावा. रेघा साधारण निम्म्यावर आलेल्या असतील तर चांगलं चाललं आहे. 'उसना' बहुतेक तसाच असेल, तो सगळ्यात शेवटी सुटतो.